पातळ एलईडी पॅनेल घेताना आणि वापरताना

व्हिडिओ-फोटोसाठी दिव्याचं पॅनेल घेताना पहिला प्रश्न हमखास येतो तो वॉटचा. आमचं सांगणं असं, की आधी पॅनेलची लांबी-रुंदी बघा, वॉट नंतर, कारण उजेड किती मऊ पडेल ते आकारावरही ठरतं.

मऊ उजेड म्हणजे मंद उजेड नव्हे. ज्या उजेडात सावलीची कड हळूहळू विरत जाते तो मऊ, आणि ते ठरतं चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर. सूर्य अवाढव्य खरा, पण इतका लांब की तो टिकलीएवढा दिसतो. म्हणून भर दुपारी सावली धारदार पडते. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावल्या पुसट होतात.

पॅनेलचंही तेच. २ फूट बाय २ फुटांचं पॅनेल चेहऱ्यापासून ३ फुटांवर सुरेख मऊ पडतं, तेच १० फुटांवर नेलं की नाकाची सावली गालावर स्पष्ट उमटते. पॅनेल कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चौकटीच्या अगदी कडेपर्यंत आणा आणि नाकाखालच्या सावलीवर नजर ठेवून पुढेमागे सरकवा. चश्मा असेल तर काचेतली चमक जाईपर्यंत पॅनेल वर घ्या. मात्र जवळच्या दिव्याचा उजेड अंतर वाढेल तसा पटकन उतरतो. मागची भिंत काळोखी हवी असेल तर हा फायदाच, पण दोघं शेजारी बसलेले असतील तर पॅनेलजवळचा उजळतो आणि दुसरा अंधारात जातो. अशा वेळी मोठं पॅनेल घेऊन थोडं मागे सरा.

पॅनेल इतकं पातळ होतं कारण एलईडी समोर नसून चौकटीच्या कडांना असतात. त्यांचा उजेड ॲक्रिलिकच्या पत्र्यात शिरतो, आतल्या आत परावर्तित होत पसरतो आणि पत्र्यावरच्या बारीक ठिपक्यांवर आपटून समोर येतो. उघड्या एलईडीच्या पॅनेलसमोर बोट धरून भिंतीवर पाहा, एकाच बोटाच्या अनेक कडा दिसतील. कडेच्या एलईडीवाल्या पॅनेलमध्ये तसं होत नाही. त्या बदल्यात लांबवर मारा कमी. मोठ्या हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत उजेड पोहोचवायचा असेल, तर हे पॅनेल घेऊ नका.

रंगाच्या बाबतीत आम्ही आग्रही आहोत. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९५ लिहिलेला असला तरी तो फक्त ८ फिक्या रंगछटांचा सरासरी आकडा असतो. त्वचेसाठी महत्त्वाचा गडद लाल त्यात मोजलाच जात नाही. तो आर९ या आकड्यात कळतो. तो आवर्जून विचारा, नाहीतर चेहरे निस्तेज दिसतात. बायकलर पॅनेल, म्हणजे उजेडाचा रंग बदलता येणारं, ३२०० (पिवळसर) ते ५६०० केल्विनपर्यंत (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) फिरत असेल, तर मधल्या ठिकाणीही चेहऱ्यावर हिरवट झाक येत नाही ना, ते पाहून घ्या.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे: ९५ वॉट-तासांची बॅटरी ६० वॉटचं पॅनेल पूर्ण उजेडावर साधारण दीड तास चालवते. पुसायला मऊ कोरडं कापड पुरे. थिनर किंवा ॲसिटोन लावलंत तर ॲक्रिलिक कायमचं खराब होईल.

घ्यायला येताना आपला कॅमेरा जरूर आणा. उजेड १० टक्क्यांवर उतरवून, आपण नेहमी वापरता त्या शटर स्पीडवर आणि स्लो मोशनमध्येही शूट करून बघा. चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर ते पॅनेल आम्ही सुचवलेलं असलं तरी घेऊ नका.