मात्तेओ फॅसिस्ट नाही, आच्चो आहे

इटालियन सिनेमाच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "तो नाही का, साठ-सत्तरच्या दशकातला, दोन भाऊ, एक डावा आणि एक उजवा?" नाव विचारलं तर उत्तर येतं, 'द बेस्ट ऑफ यूथ'. साफ चूक. 'यूथ'मध्ये उजवा भाऊ नाहीच. या मंडळींच्या डोक्यात असतो तो दानिएले लुकेत्तीचा 2007 सालचा 'माय ब्रदर इज ॲन ओन्ली चाइल्ड', आणि नाव घेतात मार्को तुल्यो जोर्दानाच्या 2003 सालच्या सिनेमाचं. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपवायची आणि वर "बघाच" म्हणून शिफारस करायची, हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर सांगून टाकतो.

घोळ होण्याची साधी कारणं आधी उरकू. सांद्रो पेत्राल्या आणि स्तेफानो रूल्ली ही पटकथाकारांची जोडी दोन्हीकडे आहे. रिक्कार्दो स्कामार्च्योही दोन्हीकडे दिसतो, 'यूथ'मध्ये शेवटी शेवटी आणि 'ओन्ली चाइल्ड'मध्ये मुख्य भूमिकेत. दोन्ही सिनेमे फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात 'अं सर्तें रगार' या विभागात होते आणि 'यूथ'ला तिथलं बक्षीस मिळालं. एक सहा तासांचा, दुसरा पावणेदोन तासांचा. त्यामुळे दुसऱ्याला पहिल्याची 'छोटी आवृत्ती' म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

'यूथ' तुम्ही पाहिलाय असं धरून चालतो, म्हणून कथानक सांगत बसत नाही. (नसेल पाहिला तर इथंच थांबा, कारण पुढं दोन्हींचे शेवट येणार आहेत.) फक्त मात्तेओबद्दल बोलू, कारण सगळा गोंधळ त्याच्या गणवेशामुळे होतो. एक भाऊ लांब केसांचा, मोर्च्यांतल्या पोरांत मिसळणारा, पुढं मानसोपचारतज्ज्ञ झालेला निकोला. दुसरा, मात्तेओ, आधी सैन्यात, मग पोलिसात. झालं, प्रेक्षकानं शिक्का मारला: हा डावा, तो उजवा.

पण मात्तेओ गणवेशात का जातो ते आठवा. जोर्जा नावाच्या मुलीला इस्पितळात विजेचे झटके दिले जातायत हे त्याच्या लक्षात येतं. तो तिला तिथून पळवतो आणि निकोलाही सोबत येतो. पुढं एका स्टेशनवर पोलीस तिला धरून नेतात आणि दोघं भाऊ पाहत राहतात. दोघांचे रस्ते तिथं फुटतात. निकोला उत्तरेकडं नॉर्वेला निघून जातो आणि परतल्यावर वेड्यांची इस्पितळं उघडी करणाऱ्या डॉक्टरांत सामील होतो. फ्रांको बाझाल्यांची ती चळवळ, जिच्यातून ही इस्पितळं बंद करणारा 1978 चा 180 क्रमांकाचा कायदा आला. मात्तेओ नॉर्वेचा बेत सोडून घरी परततो आणि सैन्यात नाव घालतो. त्याला नियम हवे असतात, कुणीतरी हुकूम द्यावा असं वाटत असतं. यात पक्ष कुठं आला? संपूर्ण सिनेमात मात्तेओ कुठलीही राजकीय भूमिका मांडत नाही. 1966 च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्सला पूर येतो तेव्हा दोघे भाऊ तिथल्या चिखलात भेटतात, एक गणवेशातला, एक स्वयंसेवक, आणि कडकडून गळ्यात पडतात. विचारांनी दुभंगलेले भाऊ असे भेटत नाहीत.

काही जण इथं कवी-दिग्दर्शक पाझोलिनीला आणतात. 1968 च्या मार्चमध्ये रोमच्या वाल्ले जुल्यात विद्यार्थी आणि पोलिसांची हाणामारी झाली. त्यावर पाझोलिनीनं कविता लिहून आपली सहानुभूती पोलिसांना दिली, कारण ती गरिबांची पोरं. मात्तेओला हा साचा बसत नाही. तो रोमच्या सुस्थितीतल्या घरातला मुलगा, आई शिक्षिका, स्वतः कवितांत बुडालेला.

'यूथ'मध्ये राजकारण घर फोडतंच, पण ते एका जोडप्याचं. निकोलाची जोडीदार जुल्या लहान मुलीला मागं ठेवून भूमिगत सशस्त्र संघटनेत जाते. रात्री ती बॅग घेऊन निघते, निकोला दारात उभा राहतो आणि शेवटी बाजूला होतो. पुढं तोच तिला पोलिसांच्या हाती देतो. माझ्या मते सहा तासांतला सगळ्यात अवघड निर्णय तो आहे, आणि त्याचा भावाशी काही संबंध नाही.

आता 'ओन्ली चाइल्ड'. इथं भाऊ खरोखर समोरासमोर आहेत, खिशात पक्षाचं कार्ड घेऊन. आच्चो बेनास्सी आधी पाद्री व्हायला सेमिनरीत जातो, तिथून बाहेर पडतो आणि एमएसआयचा सभासद होतो. एमएसआय म्हणजे मुसोलिनीच्या पडझडीनंतर उरलेल्या फॅसिस्ट मंडळींनी 1946 च्या डिसेंबरात काढलेला पक्ष. थोरला मानरीको कारखान्यात कामगार आणि कम्युनिस्ट. एकाच पडक्या घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर दोघं बसतात, आणि हाणामारी ही रोजची. मध्ये आई पडते आणि तीही हात उचलते.

लोक इथं दुसऱ्यांदा ठेचकाळतात. 'फॅसिस्ट' ही आपल्या तोंडी शिवी झालीय, त्यामुळे आच्चो म्हणजे माथेफिरू किंवा श्रीमंताघरचं बिघडलेलं पोर अशी समजूत होते. किंवा मग आपल्याकडच्या पक्षांशी जोड्या लावायचा खेळ सुरू होतो, हा म्हणजे अमुक आणि तो म्हणजे तमुक. तो खेळ मला अगदी नकोसा वाटतो, कारण त्यात आच्चोचं लातीना हे गाव गायब होतं. आणि लातीना काढलं की आच्चो कळतच नाही.

लातीना रोमच्या दक्षिणेला आहे. पोंतीन दलदल उपसून मुसोलिनीनं तिथं नवी गावं वसवली. त्यातलं हे मुख्य, 1932 च्या डिसेंबरात उद्घाटन झालेलं, तेव्हाचं नाव लित्तोर्या. दलदलीचं मलेरियाचं रान सुकवून तिथं उत्तरेकडून, व्हेनेतो, फ्रिउली, फेर्राराकडून भूमिहीन कुटुंबं आणली, जमिनी दिल्या, घरं बांधली. हुकूमशाहीची जाहिरात म्हणूनच हे केलं होतं, यात शंका नाही. पण ज्याच्या बापाला तिथं पहिल्यांदा जमीन मिळाली, त्याच्या पोराला ते वेगळं दिसणार. बाजारात कापडचोपड विकणारा मारियो नास्त्री आच्चोला नेमकं हेच दाखवतो: हे गाव बघ, हे कुणी उभं केलं? पंधरा-सोळा वर्षांच्या चिडक्या पोराला तेवढं पुरतं.

म्हणजे गरिबीची चीड दोन्ही भावांना सारखीच, आणि तिच्यातून एक फॅसिस्टांच्या काळ्या शर्टाकडं गेला, दुसरा लाल झेंड्याकडं. पुढं एका प्रसंगात डावी पोरं बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतलं समूहगान नव्या शब्दांत गातात. शब्दांत माओ वगैरे येतात, एकदम हास्यास्पद. तेवढ्यात आच्चोची टोळी मारहाण करायला आत घुसते आणि आच्चो आपल्याच लोकांविरुद्ध उलटतो, कारण समोर भाऊ आहे. तिथून तो हळूहळू डावीकडं सरकतो. तोवर मानरीको त्याच्याही पुढं, बंदुकीपर्यंत पोचलेला असतो. 'यूथ'मध्ये जुल्या जिथं जाते, तिथं इथं भाऊ जातो, आणि पोलिसांच्या गोळीनं मरतो. दोन्ही सिनेमांची सरमिसळ होण्याचं एकमेव सबळ कारण हेच असावं.

"पण शेवटी दोघांचं एकमेकांवर प्रेम असतंच ना," असं म्हणून फरक पुसायचा प्रयत्न करू नका. असतंच. म्हणून तर बघवत नाही.

मला विचाराल तर 'ओन्ली चाइल्ड'ची माणसं जास्त जवळची वाटतात. 'यूथ'मध्ये सगळे फार देखणे आहेत आणि चाळीस वर्षांत कुणाचा सदरा चुरगळत नाही. एल्यो जेर्मानोचा आच्चो घामेजलेला, बोलताना थुंकी उडवणारा. त्याला आणि आईचं काम करणाऱ्या आंजेला फिनोक्यारोला 'दाविद दी दोनातेल्लो' हा इटलीतला सिनेमाचा पुरस्कार मिळाला तो अगदी रास्त. शेवटाकडं आच्चो नव्या सरकारी घरांच्या चाव्या पळवतो आणि वर्षानुवर्षं ताटकळलेल्या कुटुंबांना स्वतःच नेऊन आत वसवतो, त्यात त्याचे आईबापही. कुठल्याही पक्षाच्या कार्डाशिवाय केलेलं ते त्याचं पहिलं काम.

सिनेमाचा उत्तरार्ध मात्र घाईत गुंडाळलाय, हे मान्य. तो मूळ ज्या कादंबरीवरून घेतला त्या 'इल फाशोकोमुनिस्ता'चा लेखक आंतोन्यो पेन्नाक्की लातीनाचाच, स्वतः आधी एमएसआयमध्ये होता, मग डावीकडं गेला, आणि कितीतरी वर्षं केबलच्या कारखान्यात कामगार होता. हा उत्तरार्ध त्यालाही पटला नव्हता आणि त्यानं ते उघड बोलूनही दाखवलं होतं.