स्टेज टॅन (शरीरसौष्ठव)

शरीरसौष्ठव स्पर्धेत मंचावर जाण्यापूर्वी स्पर्धक अंगभर गडद तपकिरी रंगाचा थर चढवतात, त्याला स्टेज टॅन म्हणतात. व्यायामशाळांत ‘टॅन’ किंवा नुसते ‘कलर’ एवढेच म्हटले जाते. पुरुष आणि महिलांच्या सर्व गटांत तो लावतात. प्रथमच स्पर्धा पाहणाऱ्याला हा काळे दिसण्याचा हौशी प्रकार वाटतो. खरे काम मात्र सावलीचे असते.

मंचावरचे दिवे प्रखर असतात आणि बहुधा वरून व समोरून येतात. उजळ त्वचा हा प्रकाश चहूकडे विखरून परत पाठवते, त्यामुळे दोन स्नायूंमधली खाच भरून गेल्यासारखी दिसते. गडद, किंचित चकाकणाऱ्या त्वचेवर उंचवटा तेवढा उजळतो आणि खाच काळी राहते. अनेक महिने पथ्य पाळून आणलेले कट्स, म्हणजे स्नायूंमधल्या ठळक रेषा, परीक्षकांच्या टेबलापर्यंत पोहोचतात ते या फरकामुळे. परीक्षक टॅनला वेगळे गुण देत नाहीत, पण रंग फिका असला की चरबी उतरवून सुकून आलेला स्पर्धकही सपाट दिसतो.

‘आपण मुळातच सावळे, आपल्याला कशाला टॅन’ हा समज महाराष्ट्रातल्या नवख्या स्पर्धकांत आढळतो. भारतीय त्वचेची अडचण उजळपणापेक्षा असमानतेची आहे. चेहरा, मान आणि कोपराखालचे हात उन्हाने रापलेले, तर छाती, पाठ, मांड्या कपड्यांखाली राहून दोन-तीन छटा उजळ. बनियनची खूण आणि घड्याळाचा पट्टा तर मंचावर लांबूनही कळतो. त्यामुळे गोऱ्या स्पर्धकाला चार-पाच कोट लागतील तिथे सावळ्याला दोन पुरतील. अजिबात न लावून भागेल असे सहसा होत नाही.

टॅनमधला मुख्य घटक डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन, म्हणजे डीएचए. ही तीन कार्बनांची साधी शर्करा आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातील प्रथिनांच्या अमिनो आम्लांशी तिची अभिक्रिया होऊन तपकिरी रंगद्रव्ये तयार होतात. तव्यावरच्या भाकरीला तांबूस डाग पडतात तीही याच कुळातली माइयार अभिक्रिया. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात संशोधक ईव्हा विटगेन्स्टाइन ग्लायकोजेन साठवणुकीचा विकार असलेल्या मुलांना डीएचए तोंडावाटे देऊन अभ्यास करत होत्या. द्रावण सांडले त्या ठिकाणी त्वचा तपकिरी होते आणि कपड्यावर मात्र डाग राहत नाही, हे तेव्हा ध्यानात आले. १९६० मध्ये कॉपरटोन कंपनीने त्यावर आधारित लोशन बाजारात आणले. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाह्य वापराचे रंगद्रव्य म्हणून डीएचएला मान्यता दिली.

डीएचएचा रंग दोन ते चार तासांनी दिसू लागतो आणि पुढे एक ते तीन दिवस गडद होत जातो. मंचावर जाण्याआधी अर्धा तास तो लावून काहीच साधत नाही. म्हणून स्पर्धेच्या टॅनमध्ये त्याच्या जोडीला लगेच दिसणारा रंगही मिसळलेला असतो. कोट लावताना दिसतो तो हा वरवरचा रंग. तो धुतला जातो, डीएचएचा मात्र राहतो. याउलट ड्रीम टॅनसारखी क्रीम नुसती त्वचेवर बसते. काही मिनिटांत गडद चमक येते, पण हात लागला की निघते, शिवाय पडद्यांना आणि शेजारच्या स्पर्धकाला लागते. अनेक आयोजक तिला मनाई करतात. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाच्या नियमांतही पुसून निघणारा टॅन निषिद्ध असून तो मंचावर जाण्यापूर्वी काढायला लावतात. चकाकी, मोतिया किंवा सोनेरी धातूची झाक असलेली उत्पादने चालत नाहीत आणि अंगावर तेल थापणेही चालत नाही. माफक तेलाला हरकत नसते. बाटली घेण्याआधी स्पर्धेचे नियमपत्रक वाचावे ते यासाठी.

निवड करताना किती गडद यापेक्षा कोणती झाक हे आधी पाहावे लागते. डीएचए काही त्वचांवर नारिंगीकडे झुकतो. तो दाबण्यासाठी उत्पादनांत हिरवट किंवा जांभळट आधार दिलेला असतो. एकाला शोभलेली बाटली दुसऱ्याला विटकरी दिसू शकते, म्हणून व्यायामशाळेतल्या जोडीदाराच्या अनुभवावर विसंबू नये. स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी मांडीवर किंवा पोटावर छोटा पट्टा लावून दुसऱ्या दिवशी पांढऱ्या प्रखर दिव्याखाली पाहावा. घरातल्या पिवळ्या बल्बखाली सगळेच टॅन चांगले दिसतात. या चाचणीत खाज किंवा पुरळ येते का हेही कळते. बिकिनी (महिला) आणि मेन्स फिजिक (पुरुष) या स्पर्धेतल्या गटांत साधारणपणे बॉडीबिल्डिंगपेक्षा थोडी उजळ छटा ठेवतात.

रंग किती सारखा बसेल हे बरेचसे तयारीवर ठरते. शेवटच्या आठवड्यात रोज खरखरीत हातमोज्याने मृत त्वचा काढतात आणि मॉइश्चरायझर लावतात. दाढी, वॅक्सिंग किंवा अंगावरचे केस काढणे किमान एक दिवस आधी उरकतात. ताज्या वस्तऱ्याच्या खुणांत रंग ठिपक्यांसारखा भरतो. टॅनच्या दिवशी मात्र अंगावर काहीही नको, ना क्रीम, ना अत्तर. डिओडरंट लावलेल्या काखा हिरवट पडतात, ही तक्रार प्रत्येक स्पर्धेच्या बॅकस्टेजला ऐकू येते.

पहिला कोट बहुधा आदल्या संध्याकाळी, पुढचे त्याच रात्री आणि सकाळी. एक पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा लावायचा नाही. स्प्रे यंत्राने सर्वांत सारखा थर येतो. तशी सोय नसली तर स्पंज, लहान रोलर आणि पाठीसाठी एक विश्वासू मित्र. गुडघे, कोपरे, घोटे आणि टाचा यांची जाड कातडी रंग जास्त पिते, तिथे हात हलका ठेवतात. तळहात कोरे राखतात. चेहऱ्याला एखादा पातळ कोट शेवटी, पण कान आणि मानेची मागची बाजू विसरून चालत नाही. काळे शरीर आणि गोरा चेहरा हे दृश्य स्थानिक स्पर्धांत अजूनही दिसते आणि ते मुखवट्यासारखे वाटते.

पुढची रात्र अवघड असते. सैल, गडद कपडे, स्वतःची जुनी चादर, हाताची घडी घालायची नाही, पाण्याचा थेंबही अंगावर नको, कारण थेंब ओघळला की फिकी रेघ उमटते. महिला स्पर्धक शौचालयात फनेल किंवा कागदी कप वापरतात. परगावी स्पर्धा असली की हॉटेलची पांढरी चादर रंगते आणि तिचे पैसे भरावे लागतात. मुंबईसारख्या दमट हवेत घाम हा मुख्य शत्रू. पंख्याविना मंडपामागे रांगेत उभे राहून पंप मारताना, म्हणजे स्नायू फुगवण्यासाठी हलका व्यायाम करताना, टॅन ओघळू लागतो. असा ओघळ चोळून पुसला तर पांढरा पट्टा राहतो. तो कोरड्या कापडाने टिपायचा आणि त्यावर स्पंजाने रंग थोपटायचा. मंचावर जाण्याआधी शेवटचा हात ग्लेझचा (चमक आणणाऱ्या लेपाचा) किंवा तेलाचा. तो कमी पडला तर रंग मातकट दिसतो, जास्त झाला तर शरीर नुसते लखलखते आणि कट्स पुन्हा हरवतात.

डीएचए त्वचेत खोल जात नाही, पण स्प्रे नाकातोंडात, ओठांवर किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नये. या रंगाने उन्हापासून भरवशाचे संरक्षणही मिळत नाही. खरा धोका त्वचा गडद करण्याच्या आडवाटांचा आहे. अतिनील किरणांनी त्वचा रापवणाऱ्या टॅनिंग बेडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. कँथाझँथिन या रंगद्रव्याच्या गोळ्यांनी डोळ्याच्या पडद्यावर स्फटिक साचल्याची नोंद आहे. त्वचा गडद करणाऱ्या मेलॅनोटन–२ ची इंजेक्शने विनापरवाना विकली जातात. मळमळ आणि तीळ गडद होणे हे त्यांचे ज्ञात परिणाम.

स्पर्धेनंतर वरचा रंग पहिल्या आंघोळीत वाहून जातो. डीएचएचा रंग त्वचेच्या पेशी झडतील तसा साधारण आठवडाभरात उतरतो, तोही सारखा नाही; काखा, मान आणि सांधे आधी डागाळतात. तेल चोळून, गरम पाण्याने शेकून आणि खरखरीत मोज्याने घासून तो लवकर जातो. पुढच्याच रविवारी दुसरी स्पर्धा असेल तर आधीचा थर पूर्ण काढावा लागतो, कारण अर्धवट उतरलेल्या टॅनवर चढवलेला नवा टॅन खवल्यांसारखा दिसतो.