काळानिळा बीजकोष मेलेला नसतो

ओटीपोटात एका बाजूला अचानक उठलेली कळ, मागोमाग उलट्या. आपल्याकडे घरी याला वायगोळा म्हणून ओवा चावायला देतात. उजवीकडे दुखत असेल तर अपेंडिक्सची शंका येते. क्वचित मात्र बीजकोषाला, म्हणजे अंडाशयाला, पीळ पडलेला असतो. मग हाताशी थोडेच तास उरतात.

बहुतेकदा आत आधीच गाठ असते. तिच्या वजनाने बीजकोष आपल्याच देठाभोवती फिरतो. डावीकडे मोठं आतडं जागा अडवून असतं, म्हणून उजवी बाजू जास्त सापडते. पीळ बसला की पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात, धमन्या नंतर. रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही. पोट उघडल्यावर सुजलेला, काळानिळा गोळा दिसतो.

या रंगाने कित्येक बायकांचे बीजकोष घालवले. काळा म्हणजे मेलेला, आणि पीळ सोडवला तर साकळलेली गुठळी फुप्फुसात जाईल, या भीतीने तो पिळासकट कापून काढायची शिकवण विसाव्या शतकात बराच काळ टिकली. ब्रिटिश स्त्रीरोगतज्ज्ञ स्टॅन्ली वे यांनी १९४६ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पीळ सोडवून फक्त गाठ काढण्याची पद्धत मांडली होती. ती रुळायला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे दिवस यावे लागले. गुठळीची भीतीही अनुभवाने खोटी ठरली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने किशोरवयीन मुलींसाठी स्पष्ट सांगितलं: मेल्यासारखा दिसला तरी पीळ सोडवा, बीजकोष राखा.

त्याच वर्षी बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तो आजार वेगळा, ती शस्त्रक्रियाही वेगळी. पण ‘काढून टाका, कटकट मिटेल’ हे वाक्य मराठवाड्यातल्या बायकांनी इतकं ऐकलंय, की अवयव वाचवता येतो का, हा प्रश्न त्यांच्या तोंडी सहसा येतच नाही.

पीळ ओळखणंही सोपं नाही. डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ असू शकतो. शेवटी आत बघूनच खात्री होते. तशी सोय छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूर-नांदेडच्या मेडिकलला. उसाच्या फडावरची बाई मात्र खाडा पडेल म्हणून कळ अंगावर काढते, आणि ते थोडे तास कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीतच सरतात.