विंडोज-लिनक्स एकत्र आणि साडेपाच तासांचा घोळ

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीत तरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेणारे बरेच वाढलेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, वर प्रोसेसरची यादी ठरलेली, मग आठ-नऊ वर्षांचा धडधाकट लॅपटॉप भंगारात कोण काढणार? पण विंडोज पूर्ण काढूनही भागत नाही. आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपवाल्याचं मशीनवर पार्ट कापायचं कॅमचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, दुकानदाराला टॅली लागते, कॉलेजच्या पोरांना प्रॅक्टिकलला उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, हवं आणि रात्री गेमला विंडोज. म्हणून दोन्ही ठेवायचं आणि मशीन चालू करताना कुठलं हवं ते निवडायचं, हेच ड्युअल बूट.

मग दोनेक महिन्यांत काहीतरी बिघडतं. घड्याळ भलतंच दाखवतं, डी ड्राइव्हमध्ये काही सेव्ह होत नाही, नाहीतर एका सकाळी लिनक्स गायबच. आणि सल्ला काय मिळतो, तर फॉरमॅट मार. मला याचा खरंच त्रास होतो, कारण यातल्या बहुतेक वेळी डिस्कवरचा सगळा डेटा जागच्या जागी शाबूत असतो, आणि फॉरमॅट मारल्यावर मात्र तो खरोखर जातो.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, की या दोन सिस्टिम एका वेळी कधीच चालू नसतात. एका विहिरीवर दोन भावांची पाळी असते ना, एकाची मोटर चालू तेव्हा दुसऱ्याची बंद, पण पहिल्याने विहीर ज्या अवस्थेत सोडली त्याच अवस्थेत दुसऱ्याला ती मिळते, तसंच. त्यामुळे दोघांनी एकमेकांना बिघडवायला जागा फार थोड्या आहेत. मदरबोर्डवरचं घड्याळ, दोघं वापरतात ते पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग), चालू होताना लागणाऱ्या फायलींचा छोटा कप्पा आणि आधी कोणाला चालू करायचं त्याची यादी. बिघाड शोधायचा तर आधी इथेच शोधायचा.

घड्याळापासून सुरू करतो कारण ते सगळ्यांना दिसतं. इंदिरानगरला आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा लॅपटॉप, संध्याकाळी सातला उबंटू बंद करून विंडोज चालू केलं तर कोपऱ्यात दुपारचे दीड. त्याला वाटलं मदरबोर्ड गेला. पण सात वजा दीड किती? बरोब्बर साडेपाच तास. हा आकडा दिसला की निदान तिथेच झालं, कारण भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, बरोबर साडेपाच तास पुढे आहे.

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, लॅपटॉप बंद असतानाही ते चालू राहतं. त्याला फक्त आकडे कळतात, देश कळत नाही. विंडोज त्यात आपली इथली वेळ लिहितं. लिनक्स यूटीसी लिहितं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. आता उबंटूने संध्याकाळी सातला त्यात दीड लिहिलं, त्याच्या हिशोबाने ते बरोबरच आहे, आणि नंतर आलेल्या विंडोजने तो दीड जसाच्या तसा दाखवला. उलट गेलात तर विंडोजने लिहिलेल्या सातात लिनक्स साडेपाच मिळवतं आणि रात्रीचे साडेबारा दाखवतं, तारीखसुद्धा उद्याची. तेवढ्यात एखादा प्रोग्रॅम सेव्ह केला तर त्या फाइलवर उद्याची वेळ बसते आणि नंतर कंपाइल करताना, म्हणजे तो प्रोग्रॅम चालवण्याजोगा बनवताना, फाइल भविष्यातली आहे अशी वॉर्निंग येते, पोरं चक्रावून जातात. इंटरनेट मिळालं की वेळ आपोआप सुधारते, म्हणून वाटतं झालं नीट, पण सुधारलेली वेळ परत आपल्याच पद्धतीने त्या घड्याळात लिहिली जाते आणि पुढच्या पाळीला दुसऱ्याचं बिघडतं.

हे असं का, तर दोघांचा जन्म वेगळ्या घरात झाला. आयबीएमचा १९८४ चा पीसी-एटी आला त्यात बॅटरीवरचं घड्याळ बसवलेलं होतं, तेव्हाच्या डॉसला टाइमझोन वगैरे भानगड माहीतच नव्हती, भिंतीवरच्या घड्याळात जी वेळ तीच आत. विंडोजने ती पद्धत पुढे चालवली. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर तयार झालं तिथे मात्र वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, तीही यूटीसीत, आणि स्थानिक वेळ फक्त माणसाला दाखवण्यापुरती. मला विचाराल तर लिनक्सची पद्धत जास्त शहाणी आहे. आपली भारतीय प्रमाणवेळसुद्धा ठरवून घेतलेलीच आहे, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि नाशिक ७३.८ च्या आसपास, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला सरासरी बारा पस्तीस होतात. मशीनच्या आत अशी एकच वेळ असावी जी जागा बदलली तरी बदलत नाही.

उपाय सोपा आहे, दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवायची. सोपं हवं तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलची एक कमांड देऊन त्याला सांगायचं की आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर धर. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, घड्याळ यूटीसीवर धरायची नोंदही करता येते. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर घोळ तसाच, फक्त उलट बाजूने. आणि फरक साडेपाच तासांचा नसून तारीखच काही वर्षं मागे गेली असेल, तीही दोन्हीकडे, तर हा ड्युअल बूटचा प्रॉब्लेमच नाही. मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा बटण सेल असतो, मेनरोडला घड्याळाच्या दुकानात मागितला तरी मिळेल.

आता डी ड्राइव्ह. लिनक्समधून फोटो, गाणी सगळं उघडतं पण नवीन काही ठेवायला गेलं की रीड-ओन्ली म्हणतं, कधी ड्राइव्ह उघडतच नाही. लोक म्हणतात लिनक्सला विंडोजचं पार्टिशन जमत नाही. असं नाहीये. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शटडाउन दाबल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा, ड्रायव्हर वगैरे मेमरीत जे असतं ते तसंच्या तसं डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये लिहून ठेवलं जातं आणि सकाळी तिथूनच उचललं जातं, म्हणून चालू व्हायला वेळ कमी लागतो. म्हणजे विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतंच. आणि त्या साठवलेल्या मेमरीत ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे याचं चित्रही असतं. समजा मधल्या पाळीत लिनक्सने त्या ड्राइव्हवर फायली हलवल्या, नवीन लिहिल्या, तर विंडोज जागं होणार ते जुनं चित्र घेऊन, आणि त्या जुन्या चित्राच्या भरवशावर लिहायला लागलं की नव्या फायलींवरच लिहिणार. लिनक्स हे ओळखतं आणि लिहायला नकार देतं. ती अडवणूक तुमचा डेटा वाचवायला आहे, त्यामुळे कोणी फोर्सने माउंट करायची, म्हणजे ड्राइव्ह जबरदस्तीने जोडायची, कमांड दिली तर घाई करू नका.

करायचं एवढंच, विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढायची. एसएसडी असेल तर वेगातला फरक जाणवतही नाही. आत्ता लगेच काम हवं असेल तर शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये जा, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. विंडोजचं मोठं अपडेट आलं की ती खूण परत लागली नाही ना, हे एकदा बघून घ्यावं.

आणि सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार म्हणजे अपडेटनंतर सरळ विंडोजच उघडतं, निवडायचा मेनू येतच नाही. जुन्या मशीनमध्ये हे खरंच घातक होतं. डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटचा एक तुकडा असायचा, त्यात चालू करायच्या प्रोग्रॅमला जागा फक्त ४४६ बाइट, म्हणजे तिथे एकच जण राहणार, आणि विंडोज इन्स्टॉल केलं की ते आधीच्याला पुसून स्वतः बसायचं. 'आधी विंडोज टाका मग लिनक्स' हा सल्ला त्या काळातला. आताच्या यूईएफआय मशीनमध्ये, म्हणजे चालू होण्याची नवी पद्धत असलेल्या मशीनमध्ये, त्यासाठी वेगळं पार्टिशन असतं, विंडोजने बनवलेलं असेल तर बहुतेकदा १०० एमबीचं, आणि त्यात मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा, उबंटूचा वेगळा. दोघं शेजारी शेजारी राहतात. कोणाला आधी उघडायचं ही यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते, आणि बहुतेक वेळा फक्त त्या यादीत विंडोज वर सरकलेलं असतं. चालू करतानाच बूट मेनूचं बटण दाबायचं, डेल-लेनोव्होला सहसा एफ १२, एचपीला एफ ९, आणि तिथे उबंटू दिसलं की समजायचं काही गेलेलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला की झालं.

याच्या उलटही होतं, ग्रब, म्हणजे चालू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणारा लिनक्सचा छोटा प्रोग्रॅम, त्याच्या मेनूतून विंडोज गायब. ग्रबची २.०६ आवृत्ती २०२१ मध्ये आली तेव्हापासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून ग्रब अपडेट केलं की विंडोज परत दिसतं.

पण अपडेटने खरंच बूट मोडल्याचंही उदाहरण आहे. सिक्युअर बूट म्हणजे चालू होताना फक्त विश्वासातल्या प्रोग्रॅमला परवानगी देणारी सोय. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने तिचा नियम कडक केला, जुने असुरक्षित बूटलोडर (सिस्टिम चालू करून देणारे ग्रबसारखे प्रोग्रॅम) चालू द्यायचे नाहीत असा, आणि ड्युअल बूटवाल्या कित्येकांचं लिनक्स सुरू होताना सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशनचा मेसेज देऊन थांबायला लागलं. तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लोकांनी वाट काढली. मात्र सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघा. तुमची डिस्क कुलूपबंद असेल आणि टीपीएमला बूटच्या सेटिंगमध्ये बदल दिसला तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, ती नसेल तर डेटा विसरा, इथे कोणाचीच हुशारी चालत नाही. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की हे कुलूप बऱ्याचदा न विचारता लागलेलं असतं. की त्या अकाउंटमध्ये सापडते, ती कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून उपयोग नाही.

शेवटी, लिनक्स नकोसं झालं म्हणून बरेच जण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ते पार्टिशन उडवतात आणि पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येतं. ग्रबचा पहिला तुकडा त्या छोट्या पार्टिशनमध्ये अजून आहे, तो उरलेल्या फायली शोधतोय आणि त्या तुम्ही पुसल्यात. विंडोज आत व्यवस्थित आहे. बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडा, उघडेल, मग क्रमात त्यालाच पहिलं ठेवा. मागे राहिलेला उबंटूचा फोल्डर काही एमबीचा असतो, तो तसाच राहिला तरी काही बिघडत नाही.