आजी-आजोबांचे तपास : आमच्या वाचकांसाठी माहिती

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुस्तके वाचायला देणाऱ्या आमच्या दुकानातील रहस्यकथांच्या कपाटाचा एक खण वेगळा केला आणि त्यावर ‘आजी-आजोबांचे तपास’ अशी चिठ्ठी लावली. तेव्हापासून त्या खणापुढे थांबणारे वाचक आम्हांला विचारतात, की खुनाच्या गोष्टींत म्हातारी माणसे काय करतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या आपल्या आईला असे पुस्तक द्यावे की नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरवर उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे.

इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात. खून होतो, पण बहुधा आपल्या डोळ्यांआड. रक्ताची आणि मारझोडीची वर्णने नसतात, गाव लहान असते, संशयित मोजके आणि एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे असतात. तपास लावणारे पोलिसांच्या नोकरीत नसतात. आमच्या खणातील पुस्तकांत ते काम एखाद्या वयस्क बाईकडे किंवा सेवानिवृत्तांच्या मंडळीकडे येते.

या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल. त्या 1927 साली एका मासिकातील कथेत प्रथम आल्या, 1930 साली त्यांची पहिली कादंबरी निघाली, आणि शेवटची 1976 साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. अशा एकूण 12 कादंबऱ्या आणि 20 कथा आहेत. ज्यांना एकच गोष्ट वाचून पाहायची असेल त्यांना आम्ही ती पहिलीच कथा सुचवतो. संध्याकाळी काही मंडळी शेकोटीभोवती बसली आहेत. त्यांत लंडनच्या पोलिसांचे माजी प्रमुख आहेत, वकील आहेत, पाद्री आहेत, एक लेखक आणि एक चित्रकार तरुणी आहे. प्रत्येकाने आळीपाळीने एकेक न उलगडलेले प्रकरण सांगायचे आणि बाकीच्यांनी ते सोडवायचे, असे ठरते. ती तरुणी माणसे मोजते आणि मोजणी पाचावर थांबते. घर जिच्या मालकीचे, ती काळ्या लेसची टोपी घालून पांढरी मऊ लोकर विणत बसलेली म्हातारी तिच्या मोजणीत आलेलीच नसते. आणि पुढे प्रकरणे सुटतात ती त्या सहाव्या माणसाकडून, म्हणजे मिस मार्पल यांच्याकडून.

या प्रकारच्या पुस्तकांची गोडी, आमच्या मते, या मोजणीतच आहे. म्हाताऱ्या माणसाला लोक मोजत नाहीत, म्हणून त्याच्यासमोर बोलताना जपत नाहीत, आणि त्याच्याजवळ ऐकायला वेळ असतो. मिस मार्पल धावपळ करत नाहीत, ठसे तपासत नाहीत. एखादा पाहुणा पाहिला की त्यांना आपल्या गावातला कोणीतरी आठवतो, कधी एखादा दुकानदार, कधी एखाद्या घरची मोलकरीण, आणि तो माणूस तेव्हा कसा वागला होता त्यावरून हा आता कसा वागेल याचा त्या अंदाज बांधतात. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, आणि तो खेड्यात सर्वांत जवळून पाहायला मिळतो, हे त्यांचे सगळे शास्त्र. ख्रिस्ती यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की या पात्रात आपल्या आजीचा थोडा अंश उतरला आहे. आजीचा स्वभाव आनंदी होता, पण ती प्रत्येकाबद्दल वाईटच धरून चालायची आणि बहुतेक वेळा तिचेच खरे ठरायचे.

आपल्याकडच्या वाचकाला हे शास्त्र समजावून सांगावे लागत नाही. संध्याकाळची एस.टी. फाट्यावर थांबते तेव्हा छपरीत बसून सुपातली तूर निवडणारी बाई मान वर करताना दिसत नाही. पण कोण उतरले, कोणाच्या हातात थैली होती, आणि जो नेहमी सकाळच्या गाडीने येतो तो आज शेवटच्या गाडीने का आला, हे तिला ठाऊक असते. चार दिवसांनी त्या घरी काही घडल्याचे कळले की ती सुपातले खडे वेगळे करता करता शांतपणे सांगते, मला त्याच दिवशी वाटलं होतं. घरचे म्हणतात, माय, तू उगाच कशात पडू नको. या कादंबऱ्यांत तिला असे कोणी गप्प बसवत नाही. पोलीस अधिकारी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतो आणि ती सांगेल ते लिहून घेतो. असे पुस्तक परत करताना आमच्या वयस्क वाचक भगिनींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्याचे कारण आम्हांला यातच सापडते.

या गोष्टींत वाचकाशी लबाडी केलेली चालत नाही, हेही त्यांच्या लोकप्रियतेचे मोठे कारण आहे. 1930 साली लंडनमध्ये रहस्यकथालेखकांनी एक मंडळ स्थापन केले, त्याचे नाव डिटेक्शन क्लब. महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही, अशी शपथ त्याच्या सभासदांना घ्यावी लागे. म्हणजे तपास करणाऱ्या आजीला जे दिसते ते आपल्यालाही दिसलेले असते. आमचे एक वाचक सेवानिवृत्त गुरुजी आहेत. ते पुस्तक तीन-चतुर्थांश वाचून थांबतात, गुन्हेगाराचे नाव एस.टी.च्या तिकिटामागे लिहून घडी करतात आणि आमच्या गल्ल्यात ठेवायला देतात. पुस्तक परत आले की घडी उघडायची. नाव चुकले तर ते तेच पुस्तक पुन्हा नेतात आणि आपली नजर जिथे निसटली त्या पानात कागदाची पट्टी घालून आणतात. पेन्सिलीची खूण पुढच्या वाचकाचा आनंद घालवते, असे त्यांचे म्हणणे आहे आणि आम्हीही सर्वांना तीच विनंती करतो.

अलीकडच्या पुस्तकांत रिचर्ड ऑस्मन यांची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ ही 2020 सालची कादंबरी आमच्याकडून सर्वाधिक जाते. लेखकाला ती सुचली आपल्या आईच्या राहत्या ठिकाणावरून, म्हणजे सेवानिवृत्तांच्या वसाहतीवरून. अशाच एका वसाहतीत पूर्वीची गुप्तहेर, परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ आणि कामगार पुढारी असे चौघे दर गुरुवारी जमतात आणि न सुटलेल्या खुनांची जुनी कागदपत्रे चाळतात. 2025 साली तिच्यावर चित्रपटही आला. आम्हांला या पुस्तकात विशेष वाटते ते हे, की त्यात म्हातारपण गोड करून दाखवलेले नाही. एका बाईचा नवरा हळूहळू सगळे विसरत चालला आहे आणि ती ते लोकांपासून झाकून ठेवते. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत आणि घरात दोघेच उरले आहेत, अशा वाचकांनी ही पाने आम्हांला वाचून दाखवली आहेत. आमच्याकडे या पुस्तकाच्या इंग्रजी प्रती आहेत.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि आमच्या वडिलांच्या पिढीला वाचायची सवय लावली, पण त्यांचे नायक धाडसी आणि हाणामारीत तरबेज होते. छपरीत बसून खून उलगडणारी मराठी आजी आमच्या पाहण्यात फारशी आलेली नाही, आणि कोणी लेखक मनावर घेईल तर आम्हांला फार आनंद होईल. ख्रिस्ती यांच्या कथा मात्र मराठीत आणल्या गेल्या आहेत. नाट्यसृष्टीतले मधुकर तोरडमल त्यांच्या अनुवादकांपैकी एक.

एक गोष्ट मात्र आम्ही जपून सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात ख्रिस्ती रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या आणि औषधे कशी बनतात हे त्या तिथे शिकल्या, त्यामुळे त्यांच्या कथांत विषप्रयोग वारंवार येतो आणि तो अचूक असतो. काही पुस्तकांत एखादे पात्र स्वतःचे जीवन संपवते. आपल्या भागात फवारणीच्या औषधाने माणूस गेला अशी घरे आहेत, आणि तिथे अशी गोष्ट करमणूक म्हणून पोहोचू नये असे आम्हांला मनापासून वाटते. म्हणून अशा पुस्तकांच्या वेष्टनाच्या आत आम्ही निळ्या शाईने छोटी फुली केली आहे. कारण न सांगता आपण फक्त ‘फुली नसलेले द्या’ इतकेच म्हणावे. आम्ही काहीही विचारणार नाही.

एका वेळी दोन पुस्तके पंधरा दिवसांसाठी मिळतील. परकी नावे लक्षात राहत नाहीत, ही तक्रार आम्हांला पटली आहे, त्यामुळे प्रत्येक पुस्तकात पात्रांची नावे आणि नाती मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद ठेवला आहे. पाद्र्याच्या घराला काय म्हणतात, असे एक-दोन अनोळखी शब्दही त्यावर सांगितले आहेत. ज्यांना बारीक छपाई वाचवत नाही त्यांनी आधी पान उघडून पाहावे, आम्ही घाई करणार नाही. ज्यांना दुकानापर्यंत येणे होत नाही त्यांनी नातवाकडे किंवा गावातून बाजाराला येणाऱ्या कोणाकडेही नाव लिहून पाठवावे, पुस्तक थैलीत बांधून देऊ. आणि गुरुजींप्रमाणे कोणाला गुन्हेगाराचे नाव आमच्याकडे ठेवायचे असेल, तर गल्ल्यात जागा आहे.