आभासी चलनाची विक्री व धनप्रेषण कायदे

रोख रक्कम घेऊन आभासी चलन विकणाऱ्यास पैसे पोहोचविण्याचा (धनप्रेषणाचा) परवाना लागतो काय, हा मुख्यत्वे अमेरिकेत उद्भवलेला कायदेशीर प्रश्न. तेथील धनप्रेषण कायदे मनीऑर्डर, प्रवासी धनादेश, परदेशी पाठवणी यांसारख्या व्यवहारांसाठी घडले. बिटकॉइन हे आभासी चलन (२००९) नंतर आले.

पैसे पोहोचविण्यात सामान्यतः तीन पक्ष असतात. हुंडीचेच पाहा: एक भरतो, दुसरा लिहितो, तिसऱ्याला रक्कम मिळते. स्वतःजवळचे बिटकॉइन समोरच्यास विकण्यात मात्र दोघेच असतात. अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या यंत्रणेने १८ मार्च २०१३ च्या मार्गदर्शनात या मुद्द्याला बगल दिली. ग्राहकाच्या बँक खात्यातील मूल्य विनिमयकर्त्याकडील त्याच्याच आभासी चलनाच्या खात्यात गेले, तरी ते ‘दुसऱ्या ठिकाणी’ गेले असे मानले. म्हणजे तिसऱ्या माणसाची गरज उरली नाही. धंदा म्हणून खरेदीविक्री करणारा यात सापडतो, केवळ खरेदीसाठी चलन वापरणारा सुटतो. फिनसेनकडे नोंदणी न करता आभासी चलन विकल्याबद्दल रिपल लॅब्ज या कंपनीस २०१५ मध्ये ७ लाख डॉलर दंड झाला.

राज्यांत मात्र एकवाक्यता नाही. टेक्सासच्या बँकिंग विभागाने एप्रिल २०१४ मध्ये दोघांतील थेट विक्री धनप्रेषण नव्हे, पण मध्यस्थ विनिमयकेंद्रामार्फत झालेली बहुधा धनप्रेषणच, असा भेद केला. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये ‘बिटलायसन्स’ हा स्वतंत्र परवानाच काढला.

सर्वाधिक चर्चा फ्लोरिडा राज्य विरुद्ध एस्पिनोझा या खटल्याची झाली. मायामी बीच या शहरात ग्राहक बनून आलेल्या गुप्त पोलिसाने डिसेंबर २०१३ मध्ये आरोपीकडून ५०० डॉलर रोख देऊन बिटकॉइन घेतले. पुढे हॉटेलच्या खोलीत ३०,००० डॉलरच्या सौद्याच्या वेळी अटक झाली. न्या. टेरेसा पूलर यांनी जुलै २०१६ मध्ये विनापरवाना धनप्रेषणासह सर्व आरोप रद्द केले. बिटकॉइनला पैशाची बरोबरी गाठायला फार अवकाश आहे आणि रोकड वा सोन्याच्या विटांप्रमाणे ते गादीखाली दडवता येत नाही, हे त्यांचे निरीक्षण गाजले. (गादीची कसोटी लावली तर बँकेतली ठेवही पैसा ठरणे कठीण.) जानेवारी २०१९ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. फ्लोरिडाच्या व्याख्येत ‘मौद्रिक मूल्य’ म्हणजे विनिमयाचे माध्यम, मग ते चलनात वटो वा न वटो. आणि संघीय नियमात असलेले ‘दुसऱ्या व्यक्तीकडे वा ठिकाणी’ हे शब्द त्यात नाहीत. शब्दार्थाच्या दृष्टीने हे वाचन अधिक पटण्याजोगे, परंतु त्याने एखाददुसरे नाणे विकणाराही कचाट्यात येण्याची शक्यता निर्माण झाली. पुढे फ्लोरिडाने २०२२ च्या दुरुस्तीने व्यवहार एकहाती पार पाडू वा रोखू शकणाऱ्या मध्यस्थापुरतीच आभासी चलनासंबंधीची परवान्याची अट ठेवली (१ जानेवारी २०२३ पासून लागू).

संघीय फौजदारी कलमाखाली विनापरवाना धनप्रेषणास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. बिटकॉइन या कलमातील ‘पैसा’ किंवा ‘निधी’ होय, असे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने फायेला खटल्यात (२०१४) मानले. पुढील न्यायालयांचा कल बहुतांशी तिकडेच.

भारताने प्रेषण परवान्याऐवजी दुसरी वाट धरली: ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी डिजिटल मालमत्तांचे व्यवहार करणारे पुरवठादार काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली (पीएमएलए) आणले गेले.