जमिनीखालचं रान

दुबार पेरणी म्हटलं की कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात, माराडी भागात, १९८०च्या सुमारास शेतकरी एकाच हंगामात तीन-तीन, चार-चार वेळा बाजरी पेरत होते. (बाजरी मुळात त्याच पट्ट्यातली. आजच्या मालीच्या आसपास साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसाने ती शेतात आणली आणि मग ती भारतात पोचली. आपल्या भाकरीचं माहेर ते.) पावसाच्या तोंडावर सुटणारी वादळं वाळू घेऊन शेतावरून जायची. नुकते उगवलेले कोंब वाळूखाली गाडले जायचे, नाहीतर तिच्या माऱ्याने फाटायचे. वारा अडवायला शिवारात झाडच उरलं नव्हतं.

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा हा पट्टा म्हणजे साहेल. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे दुष्काळांची रांगच लागली. वाळवंट सरकतंय, झाडं लावा, असा घोष सुरू झाला. रोपवाटिका उभ्या राहिल्या, लाखो रोपं लागली आणि त्यांतली बहुतेक मेली. वीतभर मूळ असलेलं रोप, दुपारी पन्नास अंशांच्या वर तापणारी वाळू, वर्षातले आठ महिने पावसाचा थेंब नाही आणि भोवती भुकेल्या शेळ्या. त्या रोपाकडून अपेक्षा तरी किती ठेवायची?

टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ माराडीत हेच रोपं लावण्याचं काम करत होता. १९८३ मध्ये एकदा वाळूत गाडी चालावी म्हणून टायरमधली हवा कमी करायला तो खाली उतरला. समोर गुडघाभर उंचीचं एक झुडूप होतं. अशी झुडपं त्या माळावर हजारोंनी होती आणि सगळे त्यांना काटक्या-कुटक्याच समजत. पानं जवळून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे झुडूप नाहीच, तोडलेल्या झाडाच्या खुंटाला फुटलेले धुमारे आहेत. आपल्याकडे साग तोडल्यावर बुंध्यातून फुटवे येतात, तसेच. दर वर्षी पेरणीआधी शेतकरी ते साफ करत, उरलेलं गुरं खात आणि दर वर्षी ते पुन्हा फुटत. वर ओसाड दिसणाऱ्या शिवाराखाली मुळांचं अख्खं रान जिवंत होतं.

खुंट आणि रोप यांच्यातला फरक समजला की पुढचं सगळं उलगडतं. रोपाला आधी मुळं वाढवायची असतात, त्यासाठी पानांनी अन्न तयार करायचं असतं आणि पानांना पाणी हवं असतं. या चक्रातच ते दमतं. खुंटाची मुळं ओलीपर्यंत कधीच पोचलेली असतात, त्यांत पिष्टाचा साठा असतो आणि सालीखाली निजलेले डोळे, म्हणजे फुटव्यांचे कोंब, असतात. त्याला फक्त कोणी तोडायचं थांबायला हवं. पद्धतही तेवढीच सोपी: एका खुंटावरचे तीन ते पाच जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे काढायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या आणि जनावरांपासून राखायचे. विरळणीत निघालेल्या काटक्या चुलीला होतात, म्हणजे पहिल्या वर्षापासून हाती काहीतरी येतं. रोपवाटिका नको, पाणी घालणं नको, वरून पैसाही नको.

शेतात झाड म्हणजे पिकाचा अन्नचोर, हा समज तिथेही होता. साहेलच्या शेतांतल्या काही झुडपांची गोष्ट मात्र वेगळी निघाली. सेनेगलमध्ये संशोधकांनी अशा दोन जातींच्या मुळांजवळ मोजमाप केलं. रात्री पानांची रंध्रं मिटतात आणि वरची ओढ थांबते. मग खोल ओलीतलं पाणी मुळांमधून वर चढतं आणि वरच्या कोरड्या मातीत झिरपतं. ओलाव्याच्या फरकाने घडणारी ही साधी भौतिक क्रिया, पण तिच्या जोरावर झुडपाशेजारची बाजरी पावसाच्या खंडात अधिक काळ तग धरते.

शेतकऱ्यांचं सगळ्यात लाडकं झाड गाओ, आपल्या बाभळीच्याच गोतातलं. त्याचं वेळापत्रक उलटं असतं: पावसाळ्यात पानं गाळतं, उन्हाळ्यात हिरवंगार असतं. पीक उभं असताना सावली नाही, गळलेल्या पानांचं खत मिळतं, मुळांवरच्या गाठींमुळे नत्र मातीत येतं आणि कडक उन्हात गुरांना शेंगा मिळतात. त्याच पट्ट्यातल्या झिंदरच्या सुलतानाने जुन्या काळी गाओ तोडणाऱ्याला कठोर शिक्षा ठेवली होती, असं तिकडे सांगतात.

तरीही पद्धत लगेच पसरली नाही. सुरुवातीला मोजकेच शेतकरी तयार झाले आणि शेजाऱ्यांनी त्यांची टिंगल केली. १९८४च्या दुष्काळात फुटवे राखणाऱ्यांना कामाच्या बदल्यात धान्य दिलं गेलं. धान्य बंद झाल्यावर अनेकांनी झाडं पुन्हा तोडली. माझ्या मते या सगळ्या कथेतली कळीची गोष्ट इथे आहे. फ्रेंच राजवटीपासूनच्या कायद्यानुसार झाड सरकारच्या मालकीचं होतं. स्वतःच्या शेतात वाढवलेल्या झाडाची फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करायचा. मग जपायचं कोणासाठी? रात्रीतून दुसऱ्याने तोडून नेण्याआधी आपणच तोडलेलं बरं. माराडीतल्या वनाधिकाऱ्यांनी ही दंडवसुली थांबवली आणि हळूहळू ‘माझ्या शेतातलं झाड माझं’ ही समजूत रुजली. मग फुटवे राखायला कोणाला धान्य द्यावं लागलं नाही.

किती झाडं वाढली, हे कळायला वीस वर्षं लागली. भूगोलतज्ज्ञ क्रिस राइज आणि उपग्रहचित्रांचे अभ्यासक ग्रे टॅपन यांनी १९७०च्या दशकातली हवाई छायाचित्रं नव्या चित्रांशी ताडून पाहिली. दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परतली होती. त्यांचा अंदाज २० कोटी झाडांचा होता आणि त्यांतली बहुतेक कोणी लावलेली नव्हती. मधल्या काळात पाऊसही सुधारला होता, मग श्रेय पावसाचं का नसावं? पण सीमेपलीकडे नायजेरियात पाऊस याहून जास्त आणि झाडी विरळ होती. फरक माणसांच्या वागण्यात होता. आता पेरणी बहुधा एकदाच करावी लागते आणि बायकांची सरपणासाठीची मैलोनमैल पायपीट घटली आहे.

शेजारच्या बुर्किना फासोत, यातेंगा भागात, अडचण वेगळी होती. तिथली जमीन वरून सिमेंटसारखी घट्ट झालेली. पावसाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात, तिचे बारीक कण सुटून छिद्रं बुजवतात आणि वाळल्यावर कवच तयार होतं. मग पडलेला पाऊस वाहून जातो आणि जमीन कोरडीच राहते. गुर्गा गावच्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८०च्या सुमारास ‘झाई’ ही जुनी रीत हाती घेतली: उन्हाळ्यात छोटे खड्डे खणायचे. त्याने ते अधिक मोठे आणि खोल केले, पावसाआधीच त्यांत शेणखत टाकलं. एका हेक्टरात असे दहा हजारांहून जास्त खड्डे बसतात. टिकावाने, रणरणत्या उन्हात, कित्येक आठवड्यांचं हे काम.

शेणखताच्या वासाने वाळवी येते. आपण जिला शत्रू मानतो, ती इथे मजूर होते. ती कवच फोडून खोल बोगदे खणते, सेंद्रिय पदार्थ खाली नेते आणि पहिला पाऊस त्याच बोगद्यांतून जमिनीत उतरतो. आळ्यासारख्या त्या खड्ड्यात पाणी, खत आणि ज्वारी-बाजरीचं बी एकाच जागी असतं. जोडीला उतारावर समपातळीत दगडांच्या ओळी घातल्या गेल्या. पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी, आपले गवंडी वापरतात तीच. हे दगड पाणी पूर्ण अडवत नाहीत. त्याचा वेग कमी होतो, गाळ मागे बसतो आणि पाण्याला मुरायला सवड मिळते.

शेणातून आणखी एक गोष्ट आली. शेळ्या-गुरांनी खाल्लेल्या शेंगांचं टणक बी पोटातून जाताना मऊ पडतं आणि खड्ड्यातल्या खतात रुजतं. याकुबाने ती रोपं उपटली नाहीत, आणखी बियाही टाकल्या. सुरुवातीला लोकांनी त्याला वेडा म्हटलं, एकदा त्याची झाडं जाळलीसुद्धा. त्याने पुन्हा सुरुवात केली. १९८४ पासून तो आपल्या शेतावर ‘झाई बाजार’ भरवायचा. गावोगावचे शेतकरी बियाणं घेऊन यायचे आणि खड्ड्यांबद्दल बोलायचे. १९८९ मध्ये नायजरचे काही शेतकरी यातेंगा पाहून गेले आणि हे तंत्र आपल्या शिवारात घेऊन गेले. इकडे याकुबाच्या पडीक जमिनीवर साठाहून अधिक जातींची झाडं असलेलं रान उभं राहिलं, आणि पुढे जवळचं वाहिगुया शहर वाढत आलं तेव्हा त्याच जमिनीचे प्लॉट पाडले गेले. २०१८ मध्ये ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळालेल्यांत रिनाउडो होता आणि याकुबाही. डिसेंबर २०२३ मध्ये याकुबा गेला. तोवर उत्तर बुर्किनात सशस्त्र गटांच्या हिंसाचाराने असंख्य गावं रिकामी केली होती. जिथे माणसं टिकून आहेत, तिथे पाऊस लागण्याआधीच्या कोरड्या महिन्यांत अजूनही टिकाव पडतात, खड्ड्यात ओंजळभर शेणखत पडतं आणि खालून वाळवी कामाला लागते.